सिझरनंतर आतड्यांची चाल आणि बोटांचा दाब



खासबाग, वडगाव, शहापूरच्या घरांतून आणि तिकडे निपाणीकडच्या मळ्यांतूनही एक प्रश्न वरचेवर आमच्या कानी येतो. लेकीचे किंवा सुनेचे सिझर होते, बाळ-बाळंतीण सुखरूप असतात, पेढे वाटून होतात. पण दुसरा दिवस मावळला तरी बाळंतिणीचे पोट फुगलेलेच. वारा सरत नाही, परसाकडे होत नाही, अन्नावर वासना नाही. मग भेटायला आलेली कोणी मावशी किंवा आत्या सांगते की गुडघ्याखाली अमुक जागी दाबा, घटकाभरात मोकळे होईल. हे खरे आहे काय? दाबावे काय? दाबायचे तर कोठे, किती आणि केव्हा? या वेळच्या पाठासाठी हाच विषय आम्ही घेतला आहे.

विषय काहींना लाजेचा वाटेल. वाटू देऊ नका. दवाखान्यात डॉक्टर रोज सकाळी खाटेपाशी येऊन पहिला प्रश्न तोच विचारतात, "गॅस पास झाला का?" आणि आपली सून पदर तोंडाला लावून गप्प बसते. तिने धडपणे उत्तर दिले तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. शिवाय हा प्रश्न आता दोन-चार घरांपुरता राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे कर्नाटकात दर शंभर प्रसूतींमागे एकतीस-बत्तीस, तर महाराष्ट्रात पंचवीस प्रसूती सिझरने झाल्या. इतकी सिझर खरोखर लागतात काय, हा निराळा आणि मोठा प्रश्न आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू.

आतडी का थंडावतात

आपल्यापैकी ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांना हे चटकन कळेल. गाय आजारी पडली की जाणता शेतकरी आधी काय पाहतो? रवंथ करते का ते पाहतो. मग डाव्या कुशीत मूठ दाबून धरतो. चांगल्या गायीचे कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा मुठीखाली उचलते. ते उचलेनासे झाले, कूस ताणली, रवंथ थांबली, की तो पशुवैद्याकडे पळतो. माणसाच्या आतड्यांचेही तसेच आहे. गांडूळ जसे अंग आखडीत-पसरीत पुढे सरकते तशी चाल आतड्यांत सतत चालू असते, आणि तिच्यामुळेच अन्न, पाणी, वारा खाली सरतो. पोटावर शस्त्रक्रिया झाली की ही चाल काही काळ मंदावते किंवा थांबते.

कारणे एकाहून अधिक आहेत. गर्भाशय उघडताना आतड्यांना हात लागतो, हवा लागते, रक्त-पाणी लागते. शरीराला हा मारच वाटतो आणि ते पोटाचे काम थांबवून ठेवते. दुखणे थांबविण्यासाठी दिलेली काही जोरदार औषधे आतड्यांनाही झोपवितात. उलट्या झाल्या किंवा सलाईनचा हिशेब चुकला तर रक्तातील पोटॅशियम उतरते आणि आतड्यांचे स्नायू ढिले पडतात. गरोदरपणातल्या अंतःस्रावांनी आतडी आधीच सुस्तावलेली असतात. त्यात बाळंतीण टाक्यांच्या भीतीने कुशीवरही वळत नाही. अलीकडे बहुतेक सिझर कण्यात सुई देऊन, म्हणजे फक्त खालचे अंग बधिर करून होतात. पूर्ण बेशुद्धीच्या मानाने त्यात आतड्यांना त्रास कमी.

साधारणपणे लहान आतडे काही तासांतच चालू लागते, जठराला दिवसभर लागतो, मोठ्या आतड्याला दोन ते तीन दिवस. वारा सरला म्हणजे शेवटचा गडी कामावर आला असे समजावे. तेव्हा पहिल्या दिवशी पोट थोडे फुगणे हा आजार नव्हे. घाबरून धावपळ करू नये आणि दुर्लक्षही करू नये.

ही विद्या कोठून आली

गुडघ्याखालच्या ज्या जागेविषयी मावशी सांगते, ती जागा चिनी वैद्यांची. तिला ते 'त्सू-सान-ली' म्हणतात. 'त्सू' म्हणजे पाय, 'सान' म्हणजे तीन, 'ली' हे त्यांच्याकडचे अंतराचे माप. थकल्या वाटसरूने ही जागा दाबली तर आणखी तीन ली चालण्याचे बळ येते, अशी तिकडे आख्यायिका आहे. जपानातही पायी प्रवासाला निघताना या जागेवर औषधी पाल्याचा शेक देण्याची रीत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशा जागांचे प्रमाण ठरवून प्रसिद्ध केले. त्यात ३६१ जागा आहेत. त्या जागी बारीक सुया टोचल्या की ते अ‍ॅक्युपंक्चर, नुसत्या बोटाने दाबल्या की अ‍ॅक्युप्रेशर. जपानी लोक बोटाच्या दाबाला 'शिआत्सू' म्हणतात. शब्दाचा अर्थच बोट-दाब.

या विद्येशी आपल्या मराठी मुलखाचा दूरचा का होईना, धागा आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेला चित्रपट जुन्या वाचकांनी पाहिला असेल. डॉ. बसू परत आले, आणि पुढे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन सुयांची विद्या शिकून आले. भारतात ती रुजविण्याचे श्रेय त्यांना देतात. कोटणीस मात्र शल्यविशारद होते, सुयांचे वैद्य नव्हते. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि केंद्र सरकारने २०१९ साली त्यास स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. सुई हे शिकलेल्या माणसाचेच काम. अंगठा मात्र घरच्यांचा चालतो.

काही सश्रद्ध मंडळी आम्हाला विचारतात की ही 'ची' नावाची शक्ती, शरीरातले तिचे बारा प्रवाह, हे सारे आपल्या श्रद्धेत बसते काय. आमचे उत्तर साधे आहे. पाय दाबायला ते तत्त्वज्ञान मानावे लागत नाही. थकलेल्या बापाचे पाय चेपताना कोणी ग्रंथ उघडून बसत नाही. ज्याला त्या शक्तीविषयी गंडे-दोरे, मंत्र किंवा पैशाचे उपचार विकायचे आहेत, त्याच्यापासून मात्र चार हात दूर राहावे.

प्रयोगांत काय दिसले

एखादे औषध खरे की खोटे हे कसे ठरते, याचा उत्तम धडा आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे, तो आधी सांगतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी उपयोगी पडते काय, हे पाहण्यासाठी २००२ ते २००५ या वर्षांत बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० स्त्रियांवर प्रयोग झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता आणि गोळी देणाऱ्या होत्या गावच्या नर्सबाई. निम्म्या स्त्रियांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला कोणती, हे ना नर्सबाईला ठाऊक ना बाळंतिणीला. शेवटी मोजले तेव्हा पोकळ गोळीच्या गटात शंभरात बारा जणींना अतिरक्तस्राव झाला होता, खऱ्या गोळीच्या गटात सहा-सात जणींना. २००६ साली हे इंग्लंडच्या प्रख्यात 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. याला म्हणतात पुरावा.

अंगठ्याच्या दाबाचा पुरावा इतका भक्कम नाही. इराण, तुर्कस्तान या देशांत सिझर झालेल्या स्त्रियांवर दाबाचे प्रयोग झाले आहेत. त्यांतल्या काहींत दाब दिलेल्या स्त्रियांचा वारा लवकर सरला, आतड्यांचा आवाज लवकर ऐकू आला. पण हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांत एक मूळचीच अडचण आहे. पोकळ गोळी करता येते, पोकळ अंगठा कसा करणार? दाब मिळतो आहे हे बाळंतिणीला कळतेच, आणि कोणीतरी पायाशी बसून आपली सेवा करीत आहे एवढ्यानेही जिवाला बरे वाटते.

सुयांचा पुरावा थोडा अधिक आहे. हाँगकाँगमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या १६५ रोग्यांवरचा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुयांतून सौम्य वीज दिलेल्यांना सरासरी ८६ तासांनी शौचाला झाले, सुया न दिलेल्यांना १२२ तासांनी. २०२१ साली अमेरिकेतील हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखविले की या गुडघ्याखालच्या जागेजवळ खोलवर विशिष्ट मज्जातंतू आहेत. त्यांना हलकी वीज दिली की मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी मोठी नाडी जागी होते आणि शरीराचा दाह उतरतो. तेव्हा त्या जागेत काहीच नाही असे म्हणता येत नाही. पण वीज लावलेली सुई आणि सासूबाईंचा अंगठा, कर्करोगाचा रोगी आणि बाळंतीण, उंदीर आणि माणूस, यांत अंतर आहे. ते अंतर विसरून जो "हमखास गुण" असे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी जागा मनगटाच्या आतल्या बाजूची, चिनी नाव 'नेई-क्वान', म्हणजे आतला दरवाजा. ही जागा मळमळ व उलटीसाठी. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी तिच्यावर जगभर झालेल्या ५९ प्रयोगांचा, साडेसात हजारांहून अधिक रोग्यांचा आढावा २०१५ साली निघाला. त्यात मळमळ व उलटी दोन्ही कमी झालेली दिसली. त्यांत सुया, पट्टे, बोटांचा दाब असे सर्व प्रकार होते. मळमळ थांबली की बाळंतीण खाऊ-पिऊ लागते आणि खाल्ले की आतडी हलतात, म्हणून ही जागाही आपल्या कामाची.

आमचे मत विचाराल तर असे: दाब द्यावा. त्यात खर्च नाही, रीतीने दिल्यास अपाय नाही, आणि काही स्त्रियांना उपयोग होतो असे दिसते. फक्त तो मीठ आहे, भाकरी नव्हे.

दाब कसा द्यावा

डॉक्टरांना किंवा सिस्टरना आधी विचारून घ्यावे. बधिर केलेल्या पायांत जाणीव परत आल्याशिवाय सुरुवात करू नये. बधिर पायाला किती दाब बसतो हे तिलाच कळत नाही. देणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, नखे काढलेली असावीत, अंगठी-बांगडी बाजूला ठेवावी.

गुडघ्याखालची जागा अशी शोधावी. बाळंतिणीने उताणे निजून, गुडघ्याखाली उशी घेऊन पाय थोडा वाकवावा. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला, बाहेरच्या अंगाला एक खळगा लागतो. त्या खळग्यापासून खाली चार बोटे मोजावीत. बोटे बाळंतिणीचीच धरावीत, आपली नव्हे. नांगर धरणाऱ्या हाताची चार बोटे आणि तिची चार बोटे यांत फरक पडतो. तेथून नडगीच्या हाडाच्या कडेपासून बाहेर एक बोट सरकावे. पाऊल वर उचलले की तेथे स्नायू फुगतो, त्यावरून खूण पटते. जागा सापडली की अंगठ्याने हळूहळू दाब वाढवावा. तिला जड, मुक्यासारखे दुखल्याचे जाणवले म्हणजे पुरे. "आई गं" म्हणेपर्यंत दाबणे हा अडाणीपणा होय. श्वास सोडताना दाब, घेताना ढील, असे दोन-तीन मिनिटे एका पायावर, मग तितकेच दुसऱ्यावर. दिवसातून दोन-तीन वेळा पुरते.

मनगटाची जागा सोपी आहे. तळहात वर करून मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तिच्याच तीन बोटांइतके सरकावे. तेथे दोन दोऱ्यांसारख्या शिरा लागतात, त्यांच्या मधोमध दाबावे. काहींच्या हाताला जन्मतःच एकच दोरी स्पष्ट लागते, तो दोष समजू नये. ज्या हाताला सलाईनची सुई असेल त्या हाताला हात लावू नये.

पोटावर मात्र दाब नाही. हे आम्ही मुद्दाम निराळे सांगतो, कारण आपल्याकडे बाळंतिणीचे पोट चोळण्याची, घट्ट बांधण्याची रीत जुनी आहे आणि अनुभवी सुईण हौसेने हात घालते. सिझरच्या पोटात एकाखाली एक टाक्यांचे थर असतात, वरची त्वचा जुळली तरी आतले थर कच्चे असतात. डॉक्टर सांगतील तोवर पोटाला तेल-मालिश नाही, शेगडी नाही, पोटिसाचा शेक नाही. तसेच पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांवर दाबू नये. एकच पाय सुजला असेल, पोटरी गरम व दुखरी लागत असेल, तर त्या पायाला हात न लावता तत्काळ डॉक्टरला दाखवावे. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो.

हा दाब देण्याचे काम सासू, आई, नणंद यांचेच असे कोणी ठरविले आहे? बाळाच्या बापाने दिला तर त्याच्या पुरुषपणाला बाध येत नाही. उलट दवाखान्याच्या व्हरांड्यात बिडी ओढीत बसण्यापेक्षा ते काम बरे.

दाबापेक्षा मोठी कामे

पहिले काम उठण्याचे. जाणीव परत आली आणि डॉक्टरांनी हो म्हटले की त्याच दिवशी खाटेच्या कडेला बसावे, मग उभे राहावे, मग चार पावले टाकावीत. सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठावे म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. खोकताना टाक्यांवर उशी धरावी. पहिल्यांदा उठताना भोवळ येते, म्हणून शेजारी कोणीतरी हवेच.

दुसरे काम खाण्या-पिण्याचे. पूर्वी दवाखान्यांतही वारा सरेपर्यंत पाण्याचा थेंब देत नसत. ती समजूत आता मागे पडली आहे. सिझरनंतर लवकर बरे व्हावे यासाठी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, गुंतागुंत नसेल तर दोन तासांच्या आत नेहमीचा आहार सुरू करावा असे म्हटले आहे. आपल्या दवाखान्यात डॉक्टर जो वेळ सांगतील तो पाळावा. पण त्यांनी परवानगी दिल्यावरही घरचे लोक जे उपाशी ठेवतात त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत. "पाणी जास्त दिले तर पोट सुटते, अंगावरचे दूध पातळ होते" ही समजूत निखालस चुकीची आहे. दूध पाजणाऱ्या बाईला अधिक पाणी लागते; पाणी तोडले की मळाचे खडे होतात आणि नंतर कोणताही दाब कामी येत नाही. कोमट पाणी, नाचणीची आंबील, मऊ भात आणि मुगाचे वरण, शेवग्याच्या पाल्याची भाजी, पिकले केळे, पपई, हे सारे आपल्या शेताच्या बांधावर किंवा खासबागच्या बाजारात मिळते. डिंकाचे व अळिवाचे लाडू पौष्टिक खरे, पण तुपात थबथबलेले चार लाडू पहिल्याच दिवशी सुस्त आतड्यांवर लादू नयेत. एरंडेल किंवा कसलाही रेचक काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये.

तिसरे काम चघळण्याचे, आणि याचा पुरावा दाबापेक्षा सरस आहे. सिझरनंतर नुसते च्युइंग गम चघळल्याने काय होते याच्या १७ प्रयोगांचा, ३१४९ स्त्रियांचा आढावा २०१६ साली निघाला. चघळणाऱ्या स्त्रियांचा वारा सरासरी सात तास आधी सरला. तोंड हलले की मेंदूला वाटते जेवण चालू आहे, आणि तो आतड्यांना निरोप धाडतो. आमच्या गायीची रवंथ ती हीच! दिवसातून तीन वेळा, अर्धा-अर्धा तास चघळावे, गिळू नये. ज्या बाईला लवकर जेवण मिळाले तिला गमची तितकी गरज राहत नाही.

चघळणे म्हटले की निपाणी भागातील वाचकांना दुसरेच काहीतरी आठवेल. तंबाखूच्या या मुलखात कित्येक बायांना मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे वाटते, आणि बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी कोणीतरी मायेने डबी पुढे करते. तंबाखूतल्या निकोटिनने आतडी हलतात हे खोटे नाही. म्हणूनच सवय लागते. पण तेच विष रक्तातून दुधात उतरते आणि दोन दिवसांच्या बाळाच्या पोटात जाते. ज्या तंबाखूवर आपल्या भागाची चूल पेटली, जिच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, तिच्याविषयी लिहिताना आमचा हात जड होतो. तरीही बाळंतिणीच्या खोलीत मशेरीची डबी जाता कामा नये, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

दाब सोडून डॉक्टरला हाक केव्हा मारावी

सर विल्यम ओगिल्वी या इंग्रज शल्यविशारदाने १९४८ साली एका विकाराचे वर्णन केले. मोठ्या आतड्यात अडथळा काहीच नसतो, तरी ते फुग्यासारखे फुगत जाते. सिझरनंतर हा विकार क्वचित होतो, पण होतो हे नक्की. लक्ष दिले तर औषधाने किंवा नळीने वारा काढून बाई वाचते. दुर्लक्ष झाले तर आतडे फाटते. फसवी गोष्ट अशी की थोडा वारा सरत असतानाही पोट वाढतच राहू शकते. येथे घरातला कोणी "अजून थोडे दाबून पाहू" म्हणून रात्र काढील, तर ती रात्रच घात करील.

म्हणून पुढील खुणा घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. पोट तासागणिक फुगत जाऊन ताठ लागणे. पुन्हा पुन्हा उलट्या, विशेषतः हिरव्या-पिवळ्या. दोन दिवस उलटून वारा न सरणे. थंडी वाजून ताप. गोळी घेऊनही पोटातले दुखणे वाढणे. नाडी जलद चालून बाई घामाघूम होणे. टाक्यांतून पू किंवा घाण वास. एका घडीत कापड भिजविणारा रक्तस्राव. यांतली एकही दिसली तर अंगठा काढून घ्यावा, तोंडाने काही देऊ नये आणि सिस्टरना बोलवावे. घरी आल्यावर दिसली तर १०८ ला फोन करावा. सकाळच्या बसची वाट पाहू नये.

यावरून आणखी एक गोष्ट. सुगी तोंडावर आली, ऊसतोडीची टोळी आली, घरी माणूस नाही, म्हणून तिसऱ्याच दिवशी नाव कमी करून घेण्याची घाई आपल्याकडे फार. सरकारी दवाखान्यात २०११ पासून चालू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरचा खर्च, औषधे आणि सिझर झालेल्या बाईला सात दिवसांपर्यंत जेवण फुकट आहे. घरी सोडण्याच्या गाडीचीही तरतूद आहे. ते मागून घ्यावे. ते आपल्या हक्काचे आहे, उपकाराचे नव्हे.

घरी आल्यावरही आठ-पंधरा दिवस मळ घट्ट राहतो. टाक्यांच्या भीतीने बाई शौचाला जाणे टाळते आणि मग अधिकच घट्ट होतो. खुरमांडी घालून बसणे टाक्यांना जड जात असेल तर पहिले काही दिवस खुर्चीचा संडास किंवा भोक पाडलेली लाकडी खुर्ची वापरावी, आणि पायाखाली पाट घ्यावा. कुंथू नये. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा व कडक होतो, म्हणून कित्येक जणी त्या गुपचूप मोरीत टाकतात. गोळ्या टाकू नयेत, रक्त भरून यायला त्या हव्यातच. पाणी व पालेभाजी वाढवावी आणि तरीही त्रास असेल तर गोळी बदलून किंवा मळ मऊ करणारे औषध मागून घ्यावे. गुडघ्याखालचा दाब या दिवसांतही सकाळी, गरम पाणी प्याल्यावर, देण्यास हरकत नाही. आता ती बसून स्वतःच्या अंगठ्यानेही तो देऊ शकते, बाळ मांडीवर झोपलेले असताना.